आजाचा डाव

सासरे जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं, तोवर शालूबाईच्या मनानं घेतलं, की म्हातारा अजून घरातनं गेलेला नाही.

तसं घेण्यासारखंच होतं. सयाजी आजा जिवंत असताना उचगावातल्या त्या घराच्या सोप्यात, जमिनीवर खडूनं आखलेला त्याचा आणि नातीचा वाघ-बकरीचा पट रंगायचा. आजाचे वाघ म्हणजे खडे, स्नेहलच्या बकऱ्या म्हणजे चिंचोके. पोरगी चौथीतली, पण वाघांना असं कोंडायची की म्हातारा तिला शिव्याही घालायचा आणि गल्लीभर तिचं कौतुकही सांगत सुटायचा. आजा गेला, पट काही उठला नाही. शाळेतनं आली की पोरगी एकटीच बसायची. एक चिंचोका ठेवायची आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे टक लावून बघत राहायची. ओठ हलायचे, आवाज नाही. हाक मारली तरी दाद नाही. मग आजाचा खडा स्वतःच सरकवायला जायची आणि हात मागं घेऊन म्हणायची, "तिकडनं नगं, आज्जा. फसशील."

शालूबाईच्या अंगावर काटा यायचा. शेजारच्या धोंडुबाईनं तर दारातनं एकदाच बघितलं आणि निकाल देऊन टाकला. दुसऱ्याच्या घरातली भुतं तिला स्वतःच्या घरातल्या भांड्यांपेक्षा जास्त ओळखू यायची. "म्हाताऱ्याचा जीव नातीत अडकलाय गं. न्हेणार बघ त्यो तिला."

नवरा कृष्णात फाउंड्रीत भट्टीवर कामाला. तो दमून यायचा, "खेळतीया तर खेळू दे की," म्हणायचा आणि कूस बदलायचा.

शाळेतल्या निशा कांबळेबाईंचं म्हणणं निराळं होतं. या पोरीचं डोकं वेगळं आहे, असं त्या पहिलीपासून सांगत आल्या होत्या. कोल्हापुरातल्या एका कॉलेजातल्या मॅडम हुशार मुलांचा अभ्यास करतात असं कळल्यावर त्यांनी मायलेकींना केएमटीच्या बसमध्ये घातलं आणि तिथं नेलं. शालूबाई मुकाट्यानं गेली. पोरीला झालंय तरी काय, हे शिकलेल्या माणसाला कळेल, एवढीच तिची आशा होती.

तिथं आलेल्या प्रत्येक पोरापुढं टेबलावर तीन दांडके उभे होते आणि एकात लहानमोठ्या लाकडी चकत्या ओवलेल्या. एका वेळी एकच उचलायची, लहानीवर मोठी ठेवायची नाही, आणि सगळा मनोरा शेवटच्या दांडक्यावर न्यायचा. बाकीची पोरं चकत्यांवर तुटून पडली होती. स्नेहल हात मांडीवर ठेवून नुसती बसली. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत. तीच नजर, तेच हलणारे ओठ. शालूबाईला घाम फुटला. निशाबाईसुद्धा चुळबुळायला लागल्या. आणि मग पोरीचे हात एकदा चालू झाले ते मनोरा पुरा होईपर्यंत थांबले नाहीत. एकही चकती माघारी घ्यावी लागली नाही.

"हात लावायच्या आधी एवढा वेळ काय करत होतीस गं?" मॅडमनी विचारलं.

"आज्जा हलवत हुता. चुकला की मी त्याला पयल्यापासनं करायला लावायची."

मॅडमचा चेहरा खुलला. "बघा आई, ही मनात एक माणूस बसवते. आधी त्याच्याकडनं सगळं करून घेते, मग स्वतः हात घालते. मोठ्या माणसांनासुद्धा हे जमत नाही. अशी बसली असेल तेव्हा तिला उठवू नका."

शालूबाईनं मान डोलावली, पण तिच्या कानात एकच गोष्ट राहिली. पोरीत माणूस बसलाय, हे आता शिकलेली बाईही म्हणत होती. धोंडुबाईचं बोलणं झटकून टाकता येत होतं. हिचं कसं झटकायचं?

अवसेला तिन्हीसांजेला तिनं भात, अंडं, लिंबू असा उतारा तिकटीवर, तीन वाटा मिळतात तिथं, ठेवला आणि मागं न बघता घरी आली. दुसऱ्या दिवशी पोरगी पुन्हा पटासमोर. तेव्हा मात्र तिचा धीर सुटला. ओल्या फडक्यानं तिनं पट पुसून टाकला आणि पोरीचे दोन्ही दंड धरले.

"परत आज्ज्याला मनात बसीवलंस तर त्यो तुझ्या पप्पाला घेऊन जाईल. भट्टीवर काम हाय त्यांचं, कळतंय न्हवं? तू हितं इचार करत बसलीस, की तिकडं पप्पा गेला!"

असं बोलायचं तिच्या मनातही नव्हतं. भीतीनं ते तोंडातनं बाहेर काढलं. स्नेहल रडली नाही. हळूच "व्हय" म्हणाली.

आणि खरंच थांबलं. शालूबाईनं देवीपुढं नारळ फोडला. पोरगी चार पोरींत धावायला लागली, भरभर जेवायला लागली.

मग एक दिवस शाळेतनं आली आणि दप्तर पाठीवर तसंच ठेवून उंबऱ्यात उभी राहिली. "आई, आता काय करू?"

"हातपाय धू की."

धुतले. "आता काय करू?"

त्या दिवसापासनं तेच. कुठला फ्रॉक घालू, आधी भाकरी खाऊ का भात, आता काय करू. शालूबाई चुलीपाशी असो, मोरीत असो, मागनं तो आवाज यायचाच. म्हाताऱ्यानं जिवंतपणी किंवा मेल्यावर तिचा एवढा पिच्छा कधी पुरवला नव्हता. निशाबाई घरी येऊन गेल्या. "हिला झालंय काय? प्रश्न संपायच्या आत उत्तर देते, आणि तेही चुकीचं." शालूबाई म्हणाली, "सुधारली की ओ, बाई."

शेवटी एका दुपारी ती पोरीवर खेकसली. "दर खेपंला मला काय इचारतीस? तुझं डोकं कुठं गेलं? जरा थांब, इचार कर, मग कर काय करायचं त्ये!"

स्नेहल दोन पावलं मागं सरली. तिनं जोरजोरात मान हलवली.

"न्हाय," ती म्हणाली. "पप्पा भट्टीवर हायत."