रस्ता खालून खचतो

“घाई करू नकोस. आधी माती भर, मग खडी, डांबर सगळ्यात शेवटी. रस्ता खालून खचतो, पोरी.”

गुरुपादप्पा सरांचा हा आवाज मला अजून ऐकू येतो. मित्रांनो, मी लातूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातला जुना संगणक आहे. सरांची विद्यार्थिनी प्रियदर्शनी माझ्यात रस्ते बांधी. खरे नव्हेत, आकड्यांचे. त्यांवरून मी चाकं पळवायचो, ऊन तापवायचो, पाऊस पाडायचो. कित्येक वर्षं माझ्यात एका दुपारीत सरत. रस्ता टिकणार असेल तिथे पडदा हिरवा होई, तुटणार असेल तिथे लाल. खंडेनवमीला पहिलं कुंकू मला लागे.

मग सर निवृत्त झाले, नवी यंत्रं आली, माझ्यावर फडकं पडलं. प्रियदर्शनीताई मात्र इथेच शिकवायला लागल्या, आणि यंदा त्यांनीच ते फडकं काढलं.

औशाच्या पलीकडे त्यांचं गाव. तिथला ओढ्याच्या भरावावरचा रस्ता त्यांना तपासायचा होता. शाळेची गाडी चालवणारे नासिरभाई तिथली काळी माती पोत्यात घेऊन आले.

“लोक गावाकडून तूर मागवतात ताई, तुम्ही माती मागवायलात!”

“तुमच्याच गाडीसाठी मागवली, भाई. रोज लेकरं नेता त्यावरून.”

“रस्ता लई गुळगुळीत हाय. भरला पेला घेऊन जा, थेंब सांडत न्हाई.”

ताईंनी ती माती तपासून तिचे आकडे माझ्यात भरले आणि आधी कोरड्या दिवसांत उसाच्या भरल्या ट्रॉल्या चालवल्या. हिरवा. मग रिकाम्या रस्त्यावर पावसाळा पाडला, कारण ऊस पावसाळा सरल्यावरच निघतो. हिरवा.

“खुशाल जा,” त्या म्हणाल्या. “काही बदललं तर मी स्वतः येऊन सांगेन. शब्द देते.”

पण यंदा पाऊस उघडलाच नाही. दिवाळी सरली, साखर कारखान्याचा बॉयलर पेटला, ट्रॉल्या सुटल्या, तरी पाऊस पडतोच आहे. रस्त्याकडेची नाली पाचटानं तुंबली आणि पाणी गुपचूप भरावात मुरत राहिलं. आज दुपारी ताईंनी वजन आणि पाणी पहिल्यांदाच एकत्र घातलं. मित्रांनो, मला खोटं बोलता येत नाही. भराव तळापासून वर लाल होत गेला. वरचं डांबर मात्र अखेरपर्यंत तसंच राहिलं, काळंभोर, गुळगुळीत. मग पडद्यावर सगळं एकदम खाली बसलं.

ताईंनी बांधकाम खात्याला फोन करून रस्ता बंद करायला सांगितलं. माणूस उद्या येईल, असं उत्तर मिळालं. नासिरभाईंचा फोन लागेना. शाळा सुटायला थोडाच वेळ उरला होता.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ नाही झटकली तरी चालेल. पण तुमच्या रस्त्याकडेची नाली तेवढी वाहती ठेवा. तुंबलेलं पाणी आवाज करत नाही, म्हणून त्याची भीती बाळगा. मी नुसतं दाखवू शकतो. रस्त्यात आडवं उभं राहायला माणूसच लागतो.

ताईंनी क्षणभर हात जोडले. मग छत्री घेतली आणि नासिरभाईंच्या गाडीआधी भरावावर पोचायला औशाची वाट धरली.