गोळ्या कुणी ओतल्या

जगदीशराव खांबेटे पिस्तुलाच्या गोळ्या घरी ओततात, हे जपानातल्या उरायासु गावच्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक होतं. त्यांनी जन्मात एकही गोळी ओतलेली नाही, हे फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. कारण त्या गोळ्या तिनं ओतल्या होत्या.

ही गोष्ट ह्यूस्टनजवळची. जगदीशरावांची कंपनी जहाजांच्या विम्यात होती आणि तिनं त्यांना आधी टेक्सासला पाठवलं होतं. तिथे शेजारी वेंडेल नावाचा एक म्हातारा राहायचा, तेलविहिरींवर वेल्डिंग करून निवृत्त झालेला. रविवारी गॅरेजमध्ये शिसं वितळवून तो आपल्या सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलासाठी गोळ्या ओतायचा. जगदीशरावांना त्याचं भारी आकर्षण. त्यांनी टोपी घेतली, कानांवर लावायचे ते डबे घेतले, गॉगल घेतला आणि एका रविवारी बायकोला घेऊन शिकायला गेले. चिवड्याचा डबा कुमुदिनीच्या हातात.

शिसं वितळू लागलं, तसं जगदीशरावांना आठवलं की शिशाचा धूर मेंदूत जातो. बायकोच्या हातातला डबा घेऊन ते रुमाल नाकाला लावून दारात गेले, दारातून अंगणात आणि अंगणातून गाडीत. गाडीत एसी लावून बसले ते चिवडा संपेपर्यंत.

कुमुदिनी मात्र पाहत उभी राहिली. ती कऱ्हाडची. माहेरी मिठाईचं दुकान, आणि पाडवा जवळ आला की घरभर साखरेच्या गाठी ओतल्या जायच्या. लाकडी साचे, त्यात दोरा आणि वरून पाकाची अखंड धार. धार तुटली की गाठ वाया. वेंडेलनं सहज म्हणून पळी तिच्या हातात दिली. पहिल्याच खेपेला तिनं अशी धार धरली की म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली. त्यानंतरचे दोन हिवाळे रविवारच्या रविवारी कुमुदिनी गोळ्या ओतायची. पुढची कामं, दारू भरणं वगैरे, वेंडेल एकटा करायचा. त्या सामानाचं कपाट त्यानं कधी कुणासमोर उघडलं नाही, आणि कुमुदिनीलाही त्यात रस नव्हता. तिला आवडायचं ते साचा उघडल्यावर आतून चकचकीत काहीतरी बाहेर पडणं. जगदीशराव एकदा नेमबाजीच्या मैदानावर गेले, डोळे मिटून काही गोळ्या झाडल्या, त्यातलं एक गरम टरफल उडून त्यांच्या कॉलरमधून आत गेलं आणि ते सगळ्यांसमोर नाचले. पिस्तुलाशी त्यांचा संबंध एवढाच.

मग बदली झाली. जपानात आले तेव्हा मोठ्या भूकंपाला दोनेक वर्षं होऊन गेली होती. उरायासुत घर मिळालं, आणि मराठी मंडळाच्या पहिल्याच जेवणावळीत कुणीतरी विचारलं, "अमेरिकेत म्हणे घरोघरी बंदुका असतात?"

"बंदुकांचं काय घेऊन बसलात," जगदीशराव म्हणाले, "गोळ्यासुद्धा आम्ही घरी ओतायचो."

दिवाळीपर्यंत 'आम्ही'चं 'मी' झालं. कुमुदिनी तेव्हा आत वडे तळत होती. तिनं ऐकलं आणि झारा हलवत राहिली. काय म्हणणार? चारचौघांत 'ते नाही, मी' म्हणायचं म्हणजे नवऱ्याची तक्रार केल्यासारखं. शिवाय पहिल्यांदा तिला गंमतच वाटली. पुढे गंमत संपली, पण तोवर बोलायची वेळ निघून गेली होती.

जगदीशरावांकडे पुरावाही होता. चष्म्याच्या डबीत, कापसावर ठेवलेली एक शिशाची गोळी. नुसता शिशाचा तुकडा, ना दारू ना टरफल. तीही कुमुदिनीचीच. अंगाला सुरकुती पडली म्हणून वेंडेलनं पुन्हा वितळवायला टाकलेली, ती यांनी उचलून आणली होती. डबी उघडून ते सिद्धान्त मांडायचे. "आपत्ती आली की माणसांची जनावरं होतात. आज पाणी संपलं की उद्या शेजारी दारात. ज्याच्याकडे गोळी त्याचा तांदूळ!"

श्रीहरी नावाचा एक संशोधक भूकंपाच्या वेळी उरायासुतच होता. तो एकदा चाचरत म्हणाला, "आम्ही पाण्यासाठी रांगेत उभे होतो हो. कुणी काही हिसकावलं नाही."

"ते तुमचं नशीब," जगदीशरावांनी डबी मिटली.

पुढच्या वर्षी शरद ऋतूत इमारतीतल्या रहिवाशांची सभा झाली. अध्यक्ष कुवाबारा-सान, निवृत्त मुख्याध्यापिका, पाठीत वाकलेल्या पण आवाज अजून वर्गातला. पुन्हा मोठा धक्का बसला तर कोण काय मदत करू शकेल, असं त्या एकेका घराला विचारत होत्या. कुणाला प्रथमोपचार येत होते, कुणाकडे जनरेटर होता, तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, मला मोठमोठ्यानं ओरडता येतं. दुभाषी म्हणून श्रीहरीची बायको सुरुची बसली होती. सुरुचीचं जपानी उत्तम होतं, आणि भाषांतर करताना काही गाळायची तिला सवय नव्हती.

खांबेट्यांची पाळी आली. "आम्ही पन्नास माणसांचा स्वयंपाक—" कुमुदिनी बोलायला लागली, तेवढ्यात जगदीशराव उभे राहिले.

"सुरुची, सांग त्यांना. मला पिस्तुलाच्या गोळ्या तयार करता येतात."

सुरुचीनं सांगितलं. सभेत एकदोघं अगदी हळू म्हणाले, "सुगोई देसु ने." छानच की, अशा अर्थाचं, पण घाबरलेला जपानी माणूसही हेच म्हणतो.

कुवाबारा-साननी विचारलं, "त्याचा नेमका उपयोग कशासाठी होईल?"

"लुटारू आले तर!"

"मागच्या भूकंपात जमिनीतून चिखल वर आला, नळ फुटले आणि आमचे संडास महिनाभर बंद होते," बाई म्हणाल्या. "लुटारू आला असता तर त्याच्याही हातात बादली दिली असती."

सभा हसली. जगदीशरावही हसले, कारण सुरुचीचं भाषांतर अजून व्हायचं होतं.

पुढच्या शनिवारी दारात दोघे पोलीस. साधे कपडे, बूट काढून नीट जुळवून ठेवलेले. वयस्कर ते ओनुमा-सान, दुसरा अगदी कोवळा. त्रास देत असल्याबद्दल त्यांनी तीनतीनदा माफी मागितली आणि सोफ्याच्या कडेला बसले. सुरुचीला निरोप गेला, ती लिपस्टिक लावून आली.

"आपण गोळ्या तयार करता असं कानावर आलं," ओनुमा-सान म्हणाले.

'गंमत केली हो' एवढं म्हणायचं होतं. सगळं तिथेच मिटलं असतं. कुमुदिनी नवऱ्याकडे बघत मनात म्हणत होती, म्हणा, म्हणा. पण समोर सुरुची बसली होती. आज म्हटलं की संध्याकाळी इचिकावातल्या मराठी घरांना कळणार आणि उद्या कोबेला. एकीकडे जपानी तुरुंग, दुसरीकडे मराठी मंडळ. जगदीशरावांनी तुरुंग निवडला.

"हो. पण अमेरिकेत. कायदेशीर."

"घरात काही आहे का त्यातलं?"

डबी आली. कोवळ्या पोलिसानं हातमोजे घालून ती उघडली. ओनुमा-साननी गोळी उजेडात धरून फिरवली. "ही कशी केलीत, जरा सांगाल?"

"सोपं आहे," जगदीशराव म्हणाले. "शिसं घ्यायचं, चांगलं उकळायचं, साच्यात ओतायचं आणि... घट्ट होईपर्यंत फ्रीजमध्ये ठेवायचं."

"अहो, फ्रीज कसला!" कुमुदिनीच्या तोंडून निघून गेलं. "ती काय बासुंदी आहे?"

सुरुचीनं तिच्याकडे पाहिलं, पोलिसांकडे पाहिलं आणि सगळं भाषांतर केलं, बासुंदीसकट. कोवळ्या पोलिसानं मान वर केली. "बासुंदी हे रसायन आहे का?"

ओनुमा-सान मात्र आता कुमुदिनीकडे वळले होते. "ओकुसान," त्यांनी 'वहिनी' अशा अर्थी हाक मारली, "मग कसं करतात?"

जपानातल्या दीड वर्षात हे तिला कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. ती हातांनी दाखवत बोलू लागली. वितळलेल्या शिशावर साय धरते ती आधी काढायची. साचा गार असला की अंगाला सुरकुत्या पडतात, ही काय, हीच बघा, हिच्यावर पडलीय. धार तुटू द्यायची नाही. आमच्याकडे साखरेच्या गाठी करतात ना, तसंच. बोलता बोलता तिचा हात पळी धरल्यासारखा हवेत तिरका झाला होता.

"म्हणजे ही कुणी केली?"

"मी."

"ताई," सुरुचीनं हळूच विचारलं, "हे भाषांतर करू?"

"कर."

"कुमुद, वेड लागलंय का तुला?" जगदीशराव ओरडले. "आत टाकतील तुला!" क्षणभर कुमुदिनीला बरं वाटलं. तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "आणि मी ऑफिसात काय सांगू?"

मग पोलिसांनी परवानगी मागून घर पाहिलं. कपाटं उघडली, पुन्हा तशीच लावून ठेवली. स्वयंपाकघरातून कोवळा पोलीस दोन्ही हातांत काहीतरी जड धरून बाहेर आला, चेहऱ्यावर साचा सापडल्याचा आनंद. ते आप्पेपात्र होतं.

"ह्याच्यातली गोळी तोफेत तरी मावेल का, विचार त्यांना," कुमुदिनी म्हणाली. ओनुमा-साननी एका खळग्यात अंगठा घालून पाहिला आणि पहिल्यांदाच हसले.

तुरुंगबिरुंग काही झाला नाही. नवरा-बायकोला एकदा चौकीवर बोलावलं, तेच प्रश्न पुन्हा विचारले, जपानात हे चालत नाही असं अत्यंत नम्रपणे आणि फार वेळ सांगितलं. शिशाचा तुकडा त्यांनी ठेवून घेतला. तिकडे ऑफिसात साहेबांनी जगदीशरावांना बंद खोलीत बोलावून, यापुढे विम्याव्यतिरिक्त विषयांवर बोलू नका, अशी विनंती केली. कुवाबारा-सान मोची नावाची तांदळाची मिठाई घेऊन घरी आल्या, पोलिसांना कळवलं मीच, म्हणून वाकून माफी मागितली आणि विचारलं, पन्नास माणसांच्या स्वयंपाकाचं तुम्ही काय म्हणत होता?

जगदीशराव महिनाभर गप्प होते. मग इचिकावाला एकाकडे हळदीकुंकू निघालं. बायका आत तळणाला, पुरुष बाहेर, आणि बाहेरून ओळखीचा आवाज आला. "अहो, शेवटी मीच शिकवलं हिला. बायकांना आपण संधी द्यायला हवी."

कुमुदिनीनं झारा खाली ठेवला आणि दारात जाऊन उभी राहिली.

"कधी शिकवलंत?" तिनं विचारलं. "तुम्ही तर गाडीत एसी लावून बसला होता. चिवडा खात."

आधी सुरुची हसली, मग घर हसलं. श्रीहरीला हसू आवरेना म्हणून तो बाल्कनीत गेला. जगदीशराव सगळ्यांत शेवटी हसले, आणि तेही तोंडाच्या एकाच बाजूनं. परतीच्या ट्रेनमध्ये दोघं शेजारी बसली होती. ते सगळी स्टेशनं होईपर्यंत जाहिराती वाचत राहिले, त्यांना जपानी वाचता येत नसताना. कुमुदिनीला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. भूक मात्र लागली, कारण झारा ठेवून आल्यावर जेवायचं राहूनच गेलं होतं.

बातमी तोवर कोबेला पोचली होती आणि कोबेहून पुण्याला. वाटेत तिनं बाळसं धरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच सासूबाईंचा फोन आला. कुमुदिनी पीठ मळत होती, म्हणून तिनं स्पीकर लावला.

"काय गं, पोलीस आले होते म्हणे? पिस्तुलासाठी?"

"पिस्तूल नाही हो आई. एक जुनी गोळी होती. मिटलं ते."

"आणि ती तू केलेली? शिसं वितळवून?"

"हो."

कुमुदिनीनं परातीतला हात थांबवला.

"घरातल्या पातेल्यात?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही हो! त्या म्हाताऱ्याचं वेगळं भांडं होतं."

"मग हरकत नाही. माझं जाड बुडाचं पातेलं दिलंय तुझ्याकडे, मला त्याचीच धास्ती." मग आवाज जरा खाली आला. "जगदीश कुठे होता तेव्हा?"

"गाडीत बसले होते."

"असणारच. दिवाळीत शेजाऱ्यांनी लवंगी लावली तरी हा संडासात कडी लावून बसायचा. मोठा झाल्यावर जाईल म्हटलं होतं डॉक्टरांनी."

जगदीशराव सोफ्यावर होते. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. जपानी बाई उद्याचं हवामान सांगत होती, आणि ते अगदी कान देऊन ऐकू लागले.