एकवीस कडव्यांची वाफ

"अगं बंद करा वाफ! कान फुटले का सगळ्यांचे?"

मुकादम ओरडत आत आले तेव्हा आम्ही पाचही जणी आ वासून वहिनींकडे बघत उभ्या होतो. वहिनी गात होत्या. हौदातल्या चाळीस चादरी उकळून उकळून पिवळ्या पडल्या होत्या आणि कुणाचाही हात वाफेच्या कॉकला लागला नव्हता. मीच धावले आणि कॉक फिरवला. खोटं कशाला बोलू, मीही ऐकतच राहिले होते.

हे बाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. आमच्या दवाखान्याच्या लाँड्रीत घड्याळ टिकत नाही. भिंतीवर लावलं की दोन महिन्यांत वाफेनं त्याचे काटे गंजतात. म्हणून वहिनींचं गाणं हेच आमचं घड्याळ. चादरी हौदात पडल्या, सोडा पडला, वाफ सोडली की वहिनी नावाड्याचं गाणं सुरू करायच्या. गाणं कसलं, अख्खी गोष्टच ती. पुरात अडकलेली माणसं आणायला नावाडी पैलतीरी जातो, बायको दारात दिवा लावून बसते, पंधराव्या कडव्यात वादळ उठतं आणि एकविसाव्यात नाव परत येते.

"नाव आली ग रिकामी, वल्हं एकटं पाण्यात
माझा धनी कुठं राहिला, दिवा विचारी दारात"

'दारात' म्हटलं की वाफ बंद. अठ्ठावीस वर्षं हेच माप, आणि एक चादर कधी कमीजास्त उकळली नाही. मी इस्त्रीवर असते. जिभेनं जरा तिखट आहे, म्हणून मला सगळे लवंगी म्हणतात. पण त्या शेवटच्या कडव्याला माझीही इस्त्री रोज थांबायची.

वहिनींचे यजमान दवाखान्यातलेच, लिफ्टमन. त्यांना सगळे दादा म्हणायचे, म्हणून ह्या वहिनी. दुपारच्या सुट्टीत दादा डबा घेऊन आमच्या दारात यायचे. आल्या आल्या पहिलं काम म्हणजे दारावरचा बल्ब बंद करणं. "दिवसाढवळ्या दिवा कशाला लागतो गं तुम्हाला? आंधळ्या आहात का?" मग स्टुलावर बसून गाणं ऐकत जेवायचे. पंधरावं कडवं आलं, वादळ उठलं की डबा बंद करायचे आणि निघायचे.

"घंटी वाजली बाई लिफ्टची. उरलेलं उद्या."

उद्या म्हणजे पुन्हा पहिल्या कडव्यापासून. मी चेष्टा करायचे, "दादा, तुमचा नावाडी जन्मभर वादळातच राहणार बघा!" ते हसत हसत जायचे.

यंदा त्यांच्या छातीत पाणी झालं आणि ते आमच्याच दवाखान्यात, वरच्या मजल्यावर आडवे झाले. डॉक्टरांनी वहिनींना बाजूला नेऊन काय सांगायचं ते सांगितलं. वहिनींनी आम्हाला ताकास तूर लागू दिली नाही. फक्त एक दिवस माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"लवंगे, हे म्हणतात, आता सुट्टीच सुट्टी आहे, त्या गाण्याचा शेवट ऐकव."

"मग?"

"मग काय, कपाळ! नाव रिकामी येते म्हणून कुठल्या तोंडानं सांगू गं त्यांना?"

मी तापलेली इस्त्री उभी केली आणि त्यांच्यापुढे स्टूल सरकवलं.

दुसऱ्याच दिवशी त्या चाळीस चादरी पिवळ्या पडल्या. वहिनी विसाव्या कडव्यापर्यंत नीट आल्या आणि एकविसावं गाळून पुढेच गेल्या. नाव उलटते, नावाडी ओंडक्याला धरतो, ओंडका सुटतो, तो पोहतो. दर कडव्याला त्या अडायच्या, डोळे मिटायच्या, नवीन ओळ शोधायच्या. 'दारात' काही येईना आणि आमचा हात काही कॉककडे जाईना. त्या माणसाला काठाला लावल्याशिवाय वाफ बंद करायची कुणाची छाती होणार?

मुकादमांनी पिवळी चादर नाचवत सगळ्यांना फैलावर घेतलं. "हे गाणंबिणं पुरे झालं. उद्या गजराची घंटी आणून ठेवतो." वहिनी मान खाली घालून म्हणाल्या, "चूक माझी आहे." मुकादम गेल्यावर मात्र हळूच मला विचारलं, "पोहत आला, हे पटेल ना गं?"

"न पटायला काय झालं? नावाड्याला पोहता येणारच की!"

संध्याकाळी इस्त्रीच्या चादरी पोचवायच्या निमित्तानं मीही वर गेले. दादा अगदी वाळून गेले होते. वहिनी त्यांच्या पायाशी बसल्या आणि खालच्या आवाजात गायला लागल्या. नर्स औषधाचा ट्रे हातात घेऊन तशीच थांबली. वादळ आलं. ह्या वेळी दादांना उठून जाता येणार नव्हतं. त्यांनी चादरीचा काठ मुठीत धरला.

"धनी पोहत ग आला, उभा चिंब अंगणात
म्हणे, तेल केवढं जाळलंस, चल आता ग घरात"

दादा हसले. हसता हसता खोकला आला, पाणी पाजावं लागलं.

"पोहत आला होय?"

"हो तर."

"आणि आल्या आल्या तेलावरून बोलला?"

"तुमच्यासारखाच मेला चिकट होता."

दादांनी हनुवटीवरचं पाणी पुसलं. मग म्हणाले, "अगं, तुझं गाणं अख्खा दवाखाना लिफ्टमध्ये गुणगुणतो. शेवट मला कधीचाच ठाऊक आहे."

वहिनींचा चेहरा खाडकन उतरला. "मग रोज निघून जायचात ते?"

"घंटी कुठली वाजतेय! ऐकवायचं नाही मला ते, म्हणून जायचो."

"आणि आता मुद्दाम विचारलंत?"

"तू काय सांगतेस ते बघायचं होतं." त्यांनी वहिनींचा सोड्यानं सोललेला हात हातात घेतला. "हाच शेवट ठेव. बरा आहे."

मी चादरी तिथेच टाकून जिन्यात जाऊन रडले. चौथ्या दिवशी दादा गेले.

वहिनी पंधरा दिवसांनी कामावर आल्या. तोवर मुकादमांची घंटी आली होती. ती ठरल्या वेळी कर्कश वाजायची, आम्ही वाफ बंद करायचो, चादरी पांढऱ्याशुभ्र निघायच्या. काम चालू होतं, पण आम्ही दिवसदिवस एकमेकींशी बोलत नव्हतो.

वहिनींनी हौद भरला. चादरी सोडल्या. त्यातली एक वरच्या मजल्याची होती, कोपऱ्यात लाल दोऱ्यानं दादांच्या खाटेचा आकडा घातलेली. त्यांनी तो आकडा बघितला आणि तीही सोडली. मुकादम दारात होते. त्यांनी पुढे होऊन घंटी उचलली आणि खिशात घातली.

वहिनी गायल्या. आवाज थोडा बसला होता, पण चाल हलली नाही. पैलतीर, पूर, दिवा, वादळ. एकविसाव्या कडव्याला माझा जीव टांगणीला लागला. आता काय म्हणतील ह्या?

"नाव आली ग रिकामी," वहिनींनी स्पष्ट म्हटलं. पुढची ओळही पुरी केली आणि 'दारात'वर स्वतःच्या हातानं वाफ बंद केली. चादरी अगदी वेळेवर उकळल्या होत्या.

मग वहिनींनी काठी घेतली, एकेक चादर गार पाण्यात ओढली आणि खळबळता खळबळता पुढची कडवी म्हणायला लागल्या. ओंडका, पोहणं, काठ. आम्हाला ती पाठ नव्हती, तरी जमेल तशी साथ केली. मुकादमांचेही ओठ हलत होते. नावाडी अंगणात येऊन उभा राहिला तेव्हा शेवटची चादर पिळून झाली होती.

दारावरचा बल्ब भर दुपारी जळत होता. दादा आडवे झाल्यापासून तो बंद करायचं आमच्यापैकी एकीच्याही लक्षात आलं नव्हतं. वहिनींनी हात पुसले, दाराशी गेल्या आणि बटण दाबलं.

"चला गं," त्या म्हणाल्या, "पुढच्या चादरी आणा."