बिनआवाजाचा पंप

पंप एक घ्यायचा की दोन, यावरून फामाऊ आणि त्याची लेक तिमा यांचं मोम्बासात भर दुकानात वाजलं. वाजलं म्हणजे तिमाच वाजत होती. फामाऊच्या उजव्या कानाचा पडदा तीस वर्षांपूर्वीच समुद्राच्या तळाशी फाटला होता, आणि डाव्या कानाशी तोंड नेऊन कुणी ओरडलं तरच त्याला शब्द कळायचे. निर्यातवाल्यांसाठी शोभेचे मासे धरायला बुड्या मारणाऱ्यांचे कान असेच जातात. त्याचं ना कुणाला सोयर ना सुतक.

न्याली भागातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई वायरिमू यांना दवाखान्यात खाऱ्या पाण्याची दोन हजार लिटरची टाकी हवी होती. फामाऊनं काम घेतलं ते एका अटीवर. टाकीत त्याच्या बायकोचं फूल राहील, आणि तो जिवंत असेपर्यंत टाकीची देखभाल फुकट करेल.

हे फूल म्हणजे समुद्रफूल. बोटांसारखे शेकडो हात हलवत दगडाला चिकटून बसणारा जीव. एकोणीस वर्षांपूर्वी त्याची बायको मेजुमा ओहोटीला ऑक्टोपस शोधायला खडकांवर गेली होती, तेव्हा ते तिला एका फुटक्या दगडावर सापडलं. दगडासकट मडक्यात घालून तिनं ते फामाऊ काम करायचा त्या निर्यातवाल्याच्या शेडमध्ये आणलं आणि नवऱ्याला दम भरला, "हे विकलंस तर घरात पाय ठेवू नकोस." त्यानं विकलं नाही. मेजुमा जाऊन दोन वर्षं झाली होती, शेड बंद पडली होती आणि फुलाला जागा नव्हती. तिनं हातात धरलेलं, जिवंत असं एवढंच उरलं होतं. बाकी तिचे कपडे होते, पण कपड्यांना काय घेऊन बसलात!

"दोन घे," फामाऊ म्हणाला. "लहान घे, पण दोन. एक रुसला तर दुसरा चालतो. आणि पाइप कडक पाहिजे, खालपासून वरपर्यंत."

"आणि दोघांची घरघर कोण ऐकणार?" तिमा त्याच्या कानाशी ओरडली. "दातवाल्याकडे माणूस आधीच घाबरून बसलेला असतो, बाबा! बाईंनी काय सांगितलंय? आवाज नको."

"घरघर असू दे. हाताला कळते."

ही त्याची जुनी रीत. शेडमध्ये चाळीस टाक्या होत्या आणि तो रोज सकाळी पाइपांवर तळवा ठेवत जायचा. कुठला पंप हवा ओढतोय, कुठल्या पंपात गोगलगाय अडकलीय, कुठला आठ दिवसांत मरणार, हे त्याला तळव्यातून कळायचं. चांगल्या कानांची माणसं चुकायची, तो चुकायचा नाही.

तिमानं प्लंबिंगचं रीतसर शिक्षण घेतलं होतं आणि हिशेब कागदावर मांडून आणला होता. कपाटातल्या खालच्या छोट्या टाकीतून पाणी वरच्या, माशांच्या टाकीत ढकलायचं म्हणजे पाच फूट उंची. त्यात प्रत्येक एल्बो, म्हणजे पाइपाचं वळण, थोडा जोर खातो, म्हणून एल्बो कमी आणि पाइप जाड. हे सगळं फामाऊला पटलं, मनातून अभिमानही वाटला. पण तिला हवा होता एकच मोठा, नव्या पद्धतीचा, अजिबात आवाज न करणारा पंप. शिवाय त्याच्या तोंडाशी मऊ रबरी नळी, म्हणजे थरथर पाइपात चढायला नको.

"थरथर चढली नाही तर मला कळणार कसं?"

"अहो, चालू असला की चालू असतो! आणि आवाजाचं तुम्हाला काय पडलंय एवढं? ऐकू तरी येतं का तुम्हाला?"

कानाशी ओरडलेलं ते वाक्य सगळ्या दुकानानं ऐकलं. गल्ल्यावरचा माणूस हसला, बाकीचेही हसले. तिमानं जीभ चावली, पण तोंडातून गेलं ते गेलं. फामाऊनं हातातला एल्बो जागेवर ठेवला.

"घे तुझा," तो म्हणाला.

तिमाला तेव्हाच माफी मागायची होती. पण दुकानदार पावती करू लागला, मग रिक्षा बघायची घाई झाली, आणि राहूनच गेलं.

टाकी मात्र अशी देखणी झाली की बाई वायरिमू पेशंटला खुर्चीत बसवून बाहेर बघायला यायच्या. फुलानं तिसऱ्या दिवशी सगळे हात उघडले, आणि त्याच्या आसऱ्याला राहणारे दोन नारिंगी मासे, पांढऱ्या पट्ट्यांचे, त्यात पुन्हा लोळू लागले. फामाऊ तासन्‌तास समोर बसायचा. पंपाच्या नळीवर तळवा ठेवून काही कळेना, म्हणून त्यानं नवी रीत बसवली. रोज सकाळी हात वरच्या पाण्यात घालायचा आणि पाणी बोटांवर आदळतंय ना, ते बघायचं. जाता जाता फुलाशी दोन शब्द बोलायचे. काय बोलायचा ते कुणाला कळायचं नाही, कारण बहिऱ्या माणसाची कुजबुज म्हणजे नुसते ओठ.

ईद आली. बाई गावाकडे गेल्या, दवाखाना तीन दिवस बंद. तिमा सासरी मालिंदीला गेली. किल्ली फामाऊकडे.

ईदच्या पहाटे वीज गेली आणि क्षणात आली. असं आठवड्यातून चारदा होतं, कुणी मान वर करूनही बघत नाही. फामाऊ तेव्हा न्हाऊन नवा पायघोळ कान्झू घालत होता. नमाजानंतर शेजाऱ्यानं मिठी मारली, आणि दोन्ही तळव्यांवर उदाचं अत्तर चांगलं चोळून दिलं, मनगटापर्यंत. मग तो न्यालीला गेला. खिडक्या बंद, टाकीचे दिवे दहाला आपोआप लागायचे ते अजून लागले नव्हते, आणि अंधारात फूल नेहमीसारखं मिटलेलं. त्यानं बाही सारली आणि हात पाण्यावर नेऊन थांबवला. तळव्यांना अत्तर होतं. तेलकट हात पाण्यात घातला म्हणून शेडमध्ये त्यानं पोरांना हाकलून दिलं होतं. साबणानं धुवावं तर साबण अत्तराहून वाईट.

म्हणून त्यानं वाकून पंपाच्या बंद कपाटाच्या फळीवर तळवा टेकवला. फळी थरथरत होती, बारीक, एकसारखी. त्याला बरं वाटलं.

"ईद मुबारक, मेजुमा," असं फुलाला म्हणून तो पिलाव खायला बहिणीकडे गेला.

थरथरत होती ती पाण्यातला फेस काढणाऱ्या नळकांड्याची छोटी मोटर. विजेबरोबर ती बिचारी निमूट चालू झाली होती. मोठा पंप झाला नव्हता. कुणीतरी येऊन त्याच्या डबीवरचं बटण दाबेल, याची वाट बघत बसला होता.

दुसऱ्या दिवशी दार उघडताच वास आला. समुद्राची वाईट बातमी आधी नाकाला कळते. फामाऊनं दिवा लावला. पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढरं झालेलं. बंद खोलीत, दिव्यांखाली, न हलणारं पाणी दिवसभर तापलं होतं. फूल दगडावरून सुटून तळाशी चिखलासारखं पसरलं होतं आणि नारिंगी मासे त्याच्याजवळच आडवे पडले होते. त्यानं दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले. बोटांवर काहीच आदळलं नाही. मग खाली वाकून कपाट उघडलं, पंपाच्या डबीवरचा लाल दिवा बघितला आणि त्याला सगळं समजलं.

तो मोठ्यानं रडला. किती मोठ्यानं, ते त्याला कळलं नाही.

फोनवर त्यानं चार शब्द टाइप केले, "ये. आईचं फूल गेलं." मग वाट बघत बसला. हात धुतले असते तर. वाळूनं घासले असते तर. दोन पंप असते, कडक पाइप असता तर. या शेवटच्या विचाराशी मात्र तो दचकला. कारण हाच विचार मालिंदीहून येणाऱ्या गाडीत बसलेली तिमाही करत असणार, आणि ती पोर त्यातून आयुष्यभर सुटायची नाही. आई तर गेलीच होती. आता फूलही तिनंच मारलं, असं ती म्हणेल. फामाऊनं डोळे पुसले.

तिमा दुपारी आली. फाटकावरचा रखवालदार म्हणाला, "ती डबी काल पहाटेपासून कोकलतेय बघा. काल बाबा सकाळी आत होते, तेव्हाही कोकलत होती. मला वाटलं, दवाखान्याचं काही असेल." जिन्यातच तिला ते ऐकू आलं. पंप थांबला की त्याची डबी बारीक, कानात घुसणारी शिट्टी मारते, बटण दाबेपर्यंत. वीज नसेल तर तीही गप्प. बाबांना हे तिनं कधी सांगितलंच नव्हतं. सांगून उपयोग काय, असं वाटलं होतं तिला.

ती आत आली. शिट्टीनं खोली नुसती फाटत होती, आणि तिचा बाप डबीपासून हातभर अंतरावर स्टुलावर शांत बसला होता. तिला बघून तो उठला.

"वीज नव्हती गं," तो म्हणाला. "काल पहाटे गेली ती आत्ता, तू यायच्या जरा आधी आली. काही म्हणता काही करता आलं नाही. विजेपुढे पंप तरी काय करणार?"

तिमानं डबीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. डबी ओरडत होती.

"तुझा पंप चांगला आहे," फामाऊनं तिचे दोन्ही हात धरले. "बाईंना सांग, हाच ठेवा. एक पुरतो. मी काल सकाळी आलो होतो ना, इथं अस्सा उभा होतो. जरासुद्धा आवाज नव्हता."

तिनं त्याच्या डाव्या कानाशी तोंड नेलं, जवळ, अगदी जवळ.

"हो, बाबा," ती ओरडली. "वीजच नव्हती."