दोन पोच्यांचा गंज

मित्रांनो, मी जुना आहे, काळा पडलो आहे, माझ्या अंगावर दोन मोठे पोचे आहेत, आणि तरीही मला कुणाची कीव नको आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे 'अरेरे, बिचारा' म्हणायला कुणी तोंड उघडणार नाही. मी एक गंज आहे. हसू नका! लोखंडाला चढतो तो गंज नव्हे. आमच्या वऱ्हाडात उभट, काठ असलेल्या पातेल्याला गंज म्हणतात. मी जर्मनचा, म्हणजे तुम्ही ज्याला ॲल्युमिनियम म्हणता त्या धातूचा.

कारखान्यातला जन्म मला फारसा आठवत नाही. पत्रा, दणके आणि गोंगाट, एवढंच. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते तिवस्याच्या बाजारात. पार्बताबाईंनी मला उचललं, टिचकी मारून आवाज ऐकला, दुकानदाराशी मनसोक्त भांडण केलं आणि लेकाच्या लग्नासाठी मला घरी आणलं. माझ्या काठाखाली टोच्यानं नाव घातलेलं आहे, 'मोतीराम–इंदू'. आजही बोट फिरवलंत तर लागेल.

सून घरात आली आणि मी चुलीवर चढलो. तुरीचं वरण माझ्यातच शिजायचं. इंदूबाई मला राखेनं असं घासायची की शेजारच्या बाया नाक मुरडायच्या. मग एके दिवशी ओट्यावरचा वरवंटा घरंगळला तो थेट माझ्या कुशीत. खण्णकन आवाज झाला आणि कूस आत गेली. पोचा पडला. वाकडं भांडं चुलीवर नीट बसेना, म्हणून माझी बदली धान्याच्या कोठीत झाली. चार दिवस मी फुगून बसलो होतो, खोटं कशाला बोलू? पण माझं खरं काम त्या पोच्यापासूनच सुरू झालं.

साल दोन हजार सहा. तेव्हा पेपरात रोज आमच्या भागाचं नाव यायचं, आणि चांगल्या कारणासाठी यायचं नाही. त्या साली कपाशीची बोंडं झाडावरच सडली. मोतीराम आणि इंदूबाई दुसऱ्याच्या वावरात मजुरी करणारे. वेचणीच नाही तर मजुरी कुठली? ज्वारीच्या सोंगणीचं तेवढं काम मिळालं, आणि त्याची मजुरी ज्वारीतच मिळाली. जे काय होतं ते कोठीत होतं.

दिवाळी होते न होते तोच वीटभट्टीचा मुकादम देवमन फटफटीवर आला. अंगणातूनच ओरडला, "मोतीराम, चाल बाप्पा भट्टीवर. पोरीलेही घे, मातीले हात लागतेत."

पोरगी म्हणजे दीक्षा. ती दहावीला होती. भट्टीवर गेली की शाळा सुटली, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मोतीराम खाली मान घालून उभा राहिला. इंदूबाई मात्र चुलीजवळून उठून दारात आली.

"पोरीचे पेपर झाल्याबिगर आमी हालत नाही."

"मार्चलोक थांबता? अन् खासान काय?"

"हाय ते मोजून खाऊ. तुमच्या दारी मागाले येणार नाही."

देवमन हसला. "संक्रांतीच्या आधीच निरोप धाडशान, पाहून घ्या," असं म्हणून त्यानं फटफटीला किक मारली.

इंदूबाईनं त्याच दुपारी कोठी रिकामी केली आणि सगळी ज्वारी पुन्हा माझ्या मापानं मोजून आत टाकली. दीक्षा हिशेब करत होती. ठरल्याइतकी मापं पडली की ती कोठीत वाकायची आणि आतल्या पत्र्यावर चुन्याच्या बोटानं रेघ ओढायची. सगळ्यात खालच्या रेघेवर तिनं लिहिलं 'पेपर', मधल्या रेघेवर '२६ जानेवारी', आणि वरच्या रेघेवर '६ डिसेंबर'. मग रेघा ज्वारीखाली झाकून गेल्या. नियम एकच होता, ज्या रेघेवर जो दिवस लिहिलाय तो उजाडल्याशिवाय ती रेघ दिसता कामा नये. सकाळी एक माप, संध्याकाळी एक माप, आणि तेही सपाट. मी भरलो की इंदूबाई माझ्या काठावरून तळहात फिरवायची आणि वरचे दाणे कोठीत परत जायचे.

हा तळहात पार्बताबाईंना बघवेना. "अवो माय! दाण्याले असं लोटतेत काय? मापाले शीग पाह्यजे. बिनशिगेच्या घरात बरकत राह्यत नाही."

"बरकत मार्चमदी पाहू, आत्याबाई," इंदूबाई म्हणाली आणि तिनं पुन्हा तळहात फिरवला.

वरणात डाळ शोधावी लागायची. तेलाची पळी जाऊन चमचा आला. अंबाडीची भाजी, मिरचीचा ठेचा आणि मोजून भाकरी. हापशीवर बाया तोंड दाबून हसायच्या, "इंदीच्या घरी म्हने जेवण मापावर भेटते." इंदूबाई हंडा डोक्यावर घेताना ठणकावून सांगायची, "हो, भेटते. पण घरचं भेटते." आणि एक गोष्ट ऐकून ठेवा. दारात कुणी आलं, कुणाला मजुरी द्यायची असली, तर मात्र ती माझ्यावर हात फिरवायची नाही. बाहेरच्याला शीग, घरच्यांना सपाट. आमची बाई कंजूष होती म्हणणाऱ्याला मी आजही माझा काठ दाखवीन.

सहा डिसेंबर आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वरची रेघ दिसली. अगदी वेळेवर! दीक्षानं टाळी वाजवली. पार्बताबाईंनीही कोठीत डोकावून पाहिलंच.

आणि मग मोतीरामच्या मनात माया दाटून आली. बायको एवढी पोटाला चिमटा घेतेय, तिला लुगडं घेणं आपल्याला जमत नाही, निदान तिच्या लग्नाचा गंज तरी सरळ करून देऊ. चांदूर रेल्वेचे नियाजभाई सायकलला भाता बांधून गावोगाव भांडी ठोकत, कल्हई करत फिरायचे. इंदूबाई काडीमोळीला गेली होती तेव्हा मोतीरामनं मला त्यांच्या हाती दिलं. "मजुरी संक्रांतीनंतर देईन, नियाजभाई. एक माप ज्वारी."

नियाजभाईंचा हात देवाघरचा. आतून ठोका, बाहेरून ठोका, माझी कूस पहिल्यासारखी झाली. वाळूनं घासलं तर मी पुन्हा नवरदेव! इंदूबाई परत आली, मला हातात घेऊन बघतच राहिली, आणि कितीतरी दिवसांनी हसली. मीही माझ्यावर खूश होतो.

मूर्ख होतो आम्ही सगळे.

त्यानंतर भाकरी जरा जाड होऊ लागली. मोतीराम म्हणाला, "आजकाल पोट भरून राह्यलं बुवा." दीक्षाला अभ्यास करताना भूक लागेना. इंदूबाईला वाटलं, सवय झाली. कुणाला कळेना की पोचा गेल्यावर माझ्यात मूठ-दीड मूठ ज्वारी जास्त मावू लागली होती. सकाळी एक मूठ, संध्याकाळी एक मूठ. मला कळत होतं. पण मला तोंड आहे ते फक्त दाणे ओतायला.

नवं वर्ष लागलं आणि संक्रांत यायच्या आतच एके सकाळी इंदूबाईचा हात कोठीत थबकला. '२६ जानेवारी' दिसत होतं. तिनं डोळे चोळून पुन्हा पाहिलं. मग तिनं बोटांवर दिवस मोजले. असंच चाललं तर कोठी पेपरांपर्यंत पुरणार नव्हती, आणि देवमनचं बोलणं खरं होणार होतं.

आठवड्यापूर्वी पार्बताबाईंची लेक जमुना, अकोल्याकडे दिलेली, माहेरी येऊन गेली होती. येताना तिनं थैलीत बोरं आणली होती. जाताना थैली पुन्हा भरलेलीच दिसली होती. इंदूबाईच्या डोळ्यांपुढे ती थैली आली आणि तोंडातून शब्द निसटले.

"आत्याबाई, जमुनाबाईच्या थैलीत तुमी काय देलं?"

पार्बताबाईंचा चेहरा एकदम उतरला. "अंबाडीचा पाला देला. वावराच्या धुऱ्या-बांधावरचा. मी चोर हाय काय इंदे? माह्याच घरात?"

"मंग ज्वारी कुठी गेली?"

त्या दिवसापासून पार्बताबाई दाराकडे तोंड करून जेवायला बसू लागल्या आणि अर्धीच भाकर घेऊ लागल्या. वाढायला गेलं की ताटावर हात ठेवायच्या. "ठेव तुह्या कोठीत." इंदूबाईही काही कमी नव्हती, तीही टोपलं उचलून चुलीकडे वळायची. मधल्यामध्ये दीक्षाचं पुस्तक उघडं असायचं आणि पान उलटत नसायचं. माझा जीव तुटायचा हो! घरातला चोर कोठीतच उभा होता, चकचकीत, आणि त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

संक्रांत झाली आणि नियाजभाई मजुरी घ्यायला आले. इंदूबाईचा चेहरा ओढलेला होता, पण कारागिराची मजुरी ती. तिनं मला शिगेनं भरलं, तळहात लावला नाही, आणि त्यांच्या उपरण्यात ओतलं. नियाजभाई दाण्यांकडे बघून हसले.

"मैं तो फायदे में रहा, वहिनी! त्या दिवशी पोचा काढला नसता तं मूठभर कमीच भेटली असती मले."

इंदूबाई तशीच उभी राहिली. मी तिच्या हातातच होतो. तिनं माझ्या कुशीवर हात फिरवला, जिथे पोचा होता तिथे, एकदा, दोनदा.

"अवो माय," ती म्हणाली. "अवो माय वं..."

नियाजभाईंना सगळं ऐकल्यावर फार वाईट वाटलं. त्यांनी उपरण्यातली मूठभर ज्वारी परत करायला हात घातला. इंदूबाईनं तो धरला. "नाही नियाजभाई, ते तुमचं हाय." ते म्हणाले, "मग पोचा तरी पुन्हा पाडून देतो, फुकट." आणि त्यांनी हातोडी काढली.

"थांबा!"

पार्बताबाई दारात उभ्या होत्या. कधी आल्या, कुणाला कळलं नाही. इंदूबाई धावली, त्यांच्या पायाशी वाकली. "आत्याबाई, माहं चुकलं. मी तुमाले नाही नाही ते बोल्ली." तिचा हुंदका आवरेना.

"रडू नको," पार्बताबाई म्हणाल्या. "गंज धर."

"काय?"

"गंज धर म्हनलं ना! आडवा धर."

त्यांनी ओट्यावरचा वरवंटा उचलला. मला आडवा करून इंदूबाईनं दोन्ही हातांनी दाबून धरलं, आणि म्हातारीनं नेम धरून घाव घातला. खण्णकन आवाज झाला आणि जुन्याच जागी कूस आत गेली. पार्बताबाईंनी त्यात मूठ बसवून पाहिली. बरोबर तेवढाच होता. नियाजभाई म्हणाले, "बस, झालं." इंदूबाईनं मला उचलायला हात सैल केला.

"धर म्हनलं ना. पलटव."

आणि माझ्या दुसऱ्या कुशीवर त्यांनी आणखी एक घाव घातला, पहिल्याहून जोरात.

"आत्याबाई! हा दुसरा कावून?"

पार्बताबाईंना धाप लागली होती. वरवंटा खाली ठेवून त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. "तो तुहा होता, हा माहा. गेलेली ज्वारी कुठून भरशीन मंग? पोट्टीले पेपराले बसवाचं हाय का नाही?"

मित्रांनो, मला दुखलं का, असं विचारू नका. त्या घावाइतकं मानाचं माझ्या वाट्याला आयुष्यात दुसरं काही आलं नाही. त्या संध्याकाळी पार्बताबाई दाराकडे पाठ करून बसल्या, चुलीकडे तोंड करून, आणि आपल्या वाट्याची भाकर पूर्ण जेवल्या. ती भाकर आधीपेक्षा पातळ होती. सगळ्यांच्याच पातळ होत्या. माझ्या काठावरून तळहात आता त्याच फिरवायच्या, आणि सुनेपेक्षा कडक फिरवायच्या.

फेब्रुवारीत देवमन पुन्हा आला. फटफटी बंद न करताच विचारलं, "काय मोतीराम, संपली का ज्वारी?" पार्बताबाईंनी त्याला आत नेलं आणि कोठीचं झाकण उघडून दाखवलं. "पाह्य. वाच्ता येते ना? 'पेपर' लिवलेली रेघ दिसते काय कुठी? नाही ना? मंग जाय." देवमननं कोठीत वाकून पाहिलं आणि तो आल्या पावली गेला.

दीक्षा तिवस्याच्या केंद्रावर पेपरांना बसली. शेवटचा पेपर देऊन ती आली तेव्हा कोठीच्या तळाशी मला टेकवलं की पत्र्याचा आवाज येत होता, पण माझ्यात अजून एक सपाट माप भरलं. मग मात्र सगळे भट्टीवर गेले, दिलेल्या शब्दाप्रमाणे. मीही गेलो. दीक्षा पास झाल्याचं मी विटांच्या धुरात ऐकलं. पार्बताबाईंनी त्या दिवशी मला शिगेनं भरलं, आणि इंदूबाईनं तळहात लावला नाही.

आता पार्बताबाई नाहीत. दीक्षा नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्याच्या हापिसात नोकरी करते आणि अमरावतीत राहते. तिच्या ओट्यावर स्टील आहे, काच आहे, पण तांदळाच्या डब्यात मी आहे. परवा जुनी भांडी घेऊन नवी देणारा एकजण आला. त्यानं मला उलटसुलट केलं, तोंड वाकडं केलं. "ताई, दोन-दोन पोचे. निदान ठोकून सरळ तरी करून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे."

दीक्षानं मला त्याच्या हातातून काढून घेतलं. "हात नका लावू," ती म्हणाली. "सरळ होता तेव्हाच यानं घात केला होता."

तेव्हा मित्रांनो, जुन्या भांड्यांची काळजी घ्या, असं मीही सांगतो. घासा, पुसा, वापरा. पण कुणाचा पोचा दिसला की हातोडी घेऊन धावू नका. आधी घरच्या बाईला विचारा, तो कुणी पाडला आणि कशासाठी. आणि माझ्यापुरतं विचाराल, तर डावीकडचा इंदूबाईचा आहे आणि उजवीकडचा पार्बताबाईंचा. दोन्हीही तसेच राहणार.