कठड्याचा फोटो

"मावशी, रिव्ह्यूला कुणी जिन्याचा फोटो लावतं का?" अनिरुद्धने मोबाइल पद्मावतीबाईंच्या पुढ्यात धरला. "हीरो कुठाय यात?"

"हीरो पोस्टरवर आहेच की. कठडा कुठंच नाही. पोहे खा, गार होतायत."

मलकपेठेतल्या त्या घरात सकाळची पोथी नुकतीच वाचून झाली होती. गुरुवार असल्याने पोहे फक्त अनिरुद्धपुरते होते. मराठी मंडळाचा तो सर्वांत तरुण चिटणीस, आणि सध्या सर्वांत काळजीत. दिलसुखनगरच्या जुन्या थिएटरच्या मॅनेजरने त्याला साफ सांगितलं होतं, "शनिवार दोपहर तक चालीस टिकट होना. नहीं तो इतवार का शो कॅन्सल. फिर मराठी पिक्चर के वास्ते मेरे कू फोन नक्को करो."

मागच्या खेपेला अनिरुद्धने निर्मात्याकडून आलेलं झगझगीत चित्र ग्रुपवर टाकलं होतं. घोड्यावर नायक, वर साडेचार तारे. अकरा माणसं आली. घोडा सिनेमात अर्धा मिनिट होता. बाहेर पडताना किशनराव वकील म्हणाले होते, "घोडेच बघायचे तर मी रेसकोर्सशेजारी राहतो की रे!"

म्हणून या वेळी लिहिण्याचं काम पद्मावतीबाईंकडे आलं. सरकारी कचेरीतल्या रेकॉर्ड विभागातून त्या निवृत्त झालेल्या. भाचीच्या डोहाळजेवणाला नांदेडला गेल्या तेव्हा त्यांनी हा सिनेमा पाहिला होता, आणि परवा दिलसुखनगरला जाऊन जिनाही पाहून आल्या होत्या. अनिरुद्ध मोठ्याने वाचू लागला.

"'गोष्ट एका नर्सबाईची आहे. मारामारी नाही. एक मरण आहे, पण ते मध्यंतराआधी होऊन जातं. शेवट गोड आहे. बोलणं स्वच्छ ऐकू येतं. बाल्कनीला बावीस पायऱ्या, उजव्या हाताला कठडा, मध्ये टेकायला बाक. सकाळचा खेळ साडेबाराला सुटतो, घरी जाऊन कुकर लावता येईल.' मावशी, हे परीक्षण आहे का पंचनामा?"

"लोक जे विचारतात ते लिहिलंय."

"तारे तरी? चार टाकतो."

"सकाळी पोथी धरलेल्या हाताने उगाच आकडा कसा लिहू रे? शेवटी मला रडू आलं, ते लिहिलंय खाली."

त्याने कपाळाला हात लावला आणि पाठवून दिलं.

गुरुवारी तीन नावं आली. शुक्रवारी किशनरावांचा फोन आला.

"पद्माबाई, कठडा लाकडी का लोखंडी?"

"लोखंडी. हलवून पाहिला मी."

"हलला?"

"नाही."

"मग माझं एक लिहा. बहिणीचंही लिहा, ती मागे लागलीय."

शनिवारी अकरा वाजता छत्तीस नावं झाली होती आणि फोन गप्प झाला होता. अनिरुद्धचा मेसेज आला, 'आता तरी हीरोचा फोटो टाकू का?' पद्मावतीबाई देवापुढे जाऊन बसल्या. पण देवाकडे चार माणसं मागायची त्यांना लाज वाटली. त्यांनी नुसताच जप केला.

पावणेबाराला अनोळखी नंबर वाजला.

"आंटी, मी पिंकी बोलते, जामबागहून. मला मराठी वाचता नाही येत, पण आजीला तो फोटो दाखवला ना, तर ती बोलली मला तिथं ने. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर कुठंच नाही गेली ती. आम्ही पाच जण आहोत. मिळतील ना सीटा?"

"मिळतील गं, मिळतील," पद्मावतीबाई म्हणाल्या, आणि अनिरुद्धला फोन लावताना त्यांचं बोट दोनदा चुकलं.

रविवारी जिना माणसांनी भरून गेला. काठ्या, पिशव्या, इस्त्रीची पातळं, अत्तराचा वास. पिंकीची आजी एकेक पायरी मोजत होती आणि खालून सगळे तिच्याबरोबर मोजत होते. "एकवीस... बावीस! बरोब्बर हो!" किशनरावांनी कठडा गदागदा हलवून पाहिला. "साक्ष खरी आहे," त्यांनी जाहीर केलं आणि बहिणीला पुढे घातलं. मॅनेजर खालूनच म्हणाला, "अम्मा, अगले महीने का भी बोलो."

अंधार झाला. नर्सबाईची गोष्ट सुरू झाली. मरण आलं तेव्हा नाकं ओढल्याचे आवाज आले, मग कुणीतरी चुकीच्या जागी हसलं आणि सगळेच हसले.

मग दुसरं गाणं लागलं.

पहिल्या रांगेत काहीतरी कुरकुरलं. मग मागे, मग डाव्या हाताला. गोळ्यांची पाकिटं. बाटल्यांची झाकणं फिरली, पाण्याचे घोट गेले. पद्मावतीबाई ताठ झाल्या. 'दुसरं गाणं नसतं तरी चाललं असतं,' असं त्यांनी लिहिलं होतं, 'ज्यांना अकराची गोळी असते त्यांनी ती तेव्हा घ्यावी.' एवढी ओळ तरी गाळा म्हणून अनिरुद्धने हात जोडले होते. आता तो शेजारच्या खुर्चीत तोंडावर रुमाल धरून हसत होता.

चौतीस वर्षं त्यांनी फायलींच्या समासात शेरे लिहिले होते. त्यातला एक तरी कुणी वाचला का, हे त्यांना कधी कळलं नव्हतं.

त्यांनी पदर सारखा केला, मागे टेकल्या आणि गाणं शेवटपर्यंत ऐकलं. तितकं काही वाईट नव्हतं.