खोली नंबर तीनची कडी

मी कडी बोलतेय. साताऱ्यात मोटारअड्ड्यामागं दादासोंची खाणावळ आहे आणि वर उतारूंसाठी चार खोल्या. त्यातल्या तीन नंबरच्या दाराला मी आतून बसवलेली. आता थकलेय. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातांचा घाम लागून काळी पडलेय.

गुंडा लोहारानं मला ठोकून घडवलं. भाता ओढणाऱ्या बायकोला तो म्हणाला होता, "हिच्या भरवशावर बाईमाणूस निजणार हाय. हयगय करून चालायची न्हाई." तेवढ्यावर मी बिचारी किती वर्षं फुशारत होते!

परगावचं माणूस खोलीत शिरलं की आधी मला अडकवतं आणि मग निराळंच होतं. फेटा उतरतो, आवाज उतरतो. बाहेर दरडावून बोलणारे एक पाटील मी लागल्याबरोबर मुसमुसून रडलेले मी पाहिलेत. नाव सांगणार नाही.

जर्मनची मोठी लढाई संपल्याच्या दुसऱ्या वर्षी पाटणकडचे कृष्णात आणि हरणाबाई, नवराबायको, इथं उतरले. कृष्णातचा डावा पाय इटलीच्या लढाईत गुडघ्याखाली गेला होता. लष्करानं दिलेला लाकडी पाय तो विजारीत झाकायचा. पेन्शनीसाठी डॉक्टरी तपासणी होती, चार दिवसांचा मुक्काम. रस्त्यानं तो ताठ चालायचा. दुपारी वर आला की मला लावायचा, खाटेवर बसून पट्टे सोडायचा. आतलं थोटुक लालबुंद झालेलं असायचं. हरणाबाई त्याला तेल चोळायची आणि तो डोळे मिटून घ्यायचा. गावी आईबापासमोरही त्यानं तो पाय कधी उतरवला नव्हता, असं तिच्याच बोलण्यात आलं.

तिसऱ्या दुपारी चोळता चोळता हरणाबाईचा हात थांबला. शेजारच्या खोलीच्या आणि आमच्या मधे फळ्यांची भिंत. एका फळीला बोटाएवढं भोक होतं. त्यातून येणारा उजेड मधेच बुजला, परत आला. पलीकडं कुणीतरी खुसखुसलं.

तिनं नवऱ्याच्या पायावर चादर टाकली. भाकरीचा तुकडा पाण्यात मळून भोकात गच्च बसवला आणि मला काढून तरातरा बाहेर गेली. आमचं दार बाहेर सताड उघडं राहिल्यानं मला पलीकडचं दिसत होतं; शेजारचं दार तिनं लोटलं. आत दादासो आणि तासगावचे दोन व्यापारी भिंतीपाशीच उभे होते.

"काय बगत हुता?"

दादासो चपापले. "काय न्हाई, बाई. लाकडाचा पाय कसा असतो, पावण्यास्नी बगायचं हुतं. त्यात काय एवढं?"

"आवं, तुमच्या भरवशावर उतरलो आमी. दार लावून घेतलं हुतं!"

तेवढ्यात कृष्णात एका पायावर लंगडी घालत, भिंत धरत आला. काखेत लाकडी पाय. तो त्यानं तिघांसमोर जमिनीवर ठेवला.

"घ्या. हात लावून बगा. लय लांबनं आणलाय."

कुणी हात लावला नाही. एक व्यापारी खाली मान घालून जिना उतरला, मागोमाग दुसरा. दादासो "चुकलं" म्हणाले, पण भिंतीकडं बघून.

कृष्णात हसतच खोलीत परतला. हरणाबाईच्या डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं.

"तुमी कशापायी भायेर आला?"

"अगं, मीच दावला न्हवं त्यास्नी? जिरली त्यांची."

"न्हाई. कुणाला दावायचं, ते तुमी ठरवायचं हुतं. त्यांनी वडून काढलं तुमास्नी."

कृष्णातचं हसू मावळलं. त्यानं मला लावलं, दोनदा ओढून पाहिलं. हरणाबाईनं पुन्हा तेलाची वाटी घेतली. पण त्या दुपारी त्यानं डोळे मिटले नाहीत. तिचा हात फिरत होता आणि तो फळ्यांच्या भिंतीकडं बघत बसला होता.

दुसऱ्या दिवशी तपासणी उरकून ते गेले. भोकातली भाकरी मुंग्यांनी केव्हाच नेली. दादासो तिथं पत्रा ठोकतो म्हणाले, त्याला आता तीन वर्षं झाली.

मला लावलं की माणसांना वाटतं, झालं. ती पाठ फिरवतात, गुंड्या सोडतात, मनातलं बोलायला लागतात. अहो, मी लोखंडाचा एक तुकडा. फळी, फट, खिडकी तुम्हीच बघायला हवी.

आज म्हसवडच्या एक मास्तरीणबाई उतरल्यात, एकट्याच. आल्या, मला घाईनं अडकवलं आणि आरशापुढं उभ्या राहिल्या. माझा कोयंडा दिवाळीपासून सैल आहे. बाहेरून खांदा लावला तर निघून हातात येईल. बाई, वेणी मग सोडा. आधी मला एकदा हलवून बघा.